मंगल कार्यालयातलं प्रॅक्टिकल

"तबस्सुम, आधी खाली उतर."

रिकाम्या हॉलमध्ये माझा आवाज एवढा घुमला की भिंतींवरचे हातोड्यांचे ठोके एकदम थांबले. तबस्सुम लोखंडी शिडीच्या वरच्या टोकाला उभी होती. ओठांत स्क्रू धरलेले, हातात ड्रायव्हर. शिडी खालून कुणी धरलेलीही नव्हती. मला पाहिल्यावर तिनं स्क्रू तळहातावर काढले आणि घाबरायचं सोडून चक्क हसली.

"मॅडम, आलात तुम्ही! बघा ना, वायरिंगची पट्टी कशी एका रेषेत बसलीय."

"उतर म्हटलं ना!"

ती उतरली. मग स्टुलांवरची, टेबलांवरची, एकावर एक ठेवलेल्या खुर्च्यांवरची बाकीची पोरंही उतरली. अंगात शाळेचा गणवेश, केसांत चुन्याची पूड. आमच्या वर्कशॉपमधल्या हत्यारांच्या पेट्या फरशीवर उघड्या पडल्या होत्या. सकाळी शाळेत येऊन पाहते तो पेट्या जागेवर नाहीत आणि नववी ब निम्मी रिकामी. शिपायानं खालच्या आवाजात सांगितलं होतं, "बापूंच्या कार्यालयात गेल्यात पोरं. प्रॅक्टिकलला." तशीच स्कूटी वळवून मी इथं आले होते.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आज मी स्वतः कामं घेते, हाताखाली माणसं आहेत. पण त्या हॉलमधला ओल्या चुन्याचा वास कुठं आला तर अजून माझी कानशिलं तापतात.

साताऱ्याच्या आयटीआयमधून मी इलेक्ट्रिशियन झाले. वर्गात मुलगी मी एकटीच. माणदेशातल्या त्या बाजाराच्या गावात हायस्कूलला नवा विषय मिळाला होता. मुलांनी पुस्तकाबाहेरचं काही हातानं शिकावं, म्हणून घरगुती वायरिंग, नळजोडणी, सोलर पॅनेल, संगणकावर घराचा नकाशा काढणं असलं सगळं त्यात होतं. शिकवायला एका एजन्सीनं मला कंत्राटावर पाठवलं. तास शेवटचा. तोसुद्धा कधी गणिताचे सर घ्यायचे, कधी कवायतीत जायचा. पण मुलं त्याला 'हाताचा तास' म्हणायची आणि त्या तासाला कुणी घरी पळायचं नाही. ज्या पोराला व्याकरणाच्या तासाला रोज बाहेर उभं केलेलं असायचं तो सोपान खरात माझ्या तासाला बोर्ड असा जोडायचा की बघत राहावं. तबस्सुमचे वडील रशीदभाई आठवडी बाजारात अत्तर, उदबत्त्या, कुंकू विकायचे. ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, "मॅडम, आमच्या गाळ्यातला बल्ब दर बाजाराला जातो. का जातो ते मला शिकवा, बाकीचं नंतर."

तर अशी ही माझी मुलं. एजन्सीच्या बैठकीसाठी मी पुण्याला गेले होते, तेवढ्यात त्यांना संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांच्या मंगल कार्यालयात आणून कामाला जुंपलं होतं.

"काय झालं मॅडम? चांगलं चाललंय की पोरांचं." आतल्या खोलीतून संग्राम आला. बापूसाहेबांचा पुतण्या. कार्यालयाचा कारभार तोच बघायचा. वय माझ्याएवढंच, पण सगळे त्याला दादा म्हणायचे.

"कुणाच्या सांगण्यावरून आणलंत यांना?"

"सरांनी पाठवलीत. आमच्या घरच्या आक्काचं लग्न आलंय तोंडावर. पोरांचं प्रॅक्टिकल होतंय, आमचं काम होतंय. वाईट काय त्यात?"

मी जवळची पट्टी उघडून पाहिली. लाल वायर, काळी वायर. बस्स.

"हिरवी कुठाय?"

तबस्सुमच बोलली, "मी मागितली होती मॅडम. अर्थिंगची हिरवी वायर पाहिजे म्हटलं. दादा म्हणाले, तिच्यावाचून कधी पंखा फिरायचा राहत नाही."

संग्राम हसला. "बरोबर बोललो की."

"इथं लग्नं लागणार," मी म्हणाले. "लोखंडी मांडव असणार, कूलर असणार, मागं ओल्या फरशीवर उभ्या राहून बायका भांडी घासणार. एक वायर सोलून कशाला टेकली तर झटका माणसाच्या अंगातून जाईल. ती हिरवी वायर असते ना, ती त्यासाठी असते."

"मॅडम, तुम्ही शाळेत शिकवा. इथलं मी बघतो."

"हो का? मग ही शिडी कोण धरणार होतं? तुम्ही?"

मुलांसमोर मी असं बोलले हे त्याला झोंबलं. त्याचं हसू गेलं. मी मुलांना पेट्या भरायला लावल्या आणि रांगेनं बाहेर काढलं. गेटवर खाकी कपड्यांतले ज्ञानू खरात उभे होते. कार्यालयाचे वॉचमन, सोपानचे वडील.

"बाई, बापूंना इच्यारलं का?"

"तुमचाच मुलगा आहे ना यात? वर बघितलंत का कुठं उभा होता तो?"

"बघितलं की. म्हणून तर म्हणतोय. पोरगं काम शिकतंय, बापूंच्या नजरंत भरतंय. उद्या हितंच चिकटंल कुठंतरी. तुमी कशापायी मधी पडता?"

सोपान बापाकडं न बघता पेटी खांद्यावर घेऊन पुढं गेला.

मुख्याध्यापक इंगवले सर माझी वाटच पाहत होते. समोरची खुर्ची दाखवली, चहा मागवला. रागावलेल्या माणसाला बसवून चहा पाजायची त्यांची जुनी सवय. मी उभीच राहिले.

"ओहोळ मॅडम, तुम्हीच म्हणता ना, प्रत्यक्ष काम केल्याशिवाय हात बसत नाही? मग? एवढं मोठं काम मुलांना कुठं मिळणार?"

"सर, प्रत्यक्ष कामात वर चढणाऱ्याला खाली धरणारा लागतो. हातात मोजे लागतात. आणि काम सांगणाऱ्याला काम कळावं लागतं. तिथं यातलं काय होतं? ही मुलं शिकायला आलीत. तुम्ही त्यांना फुकटचे वायरमन म्हणून पाठवलंत."

"शब्द जपून वापरा. बापूसाहेबांनी ही शाळा उभी केली. घरचं कार्य आहे. मुलांनी दोन हात लावले तर बिघडलं कुठं? आमच्या वेळी आम्ही गुरुजींच्या शेतात भुईमूग काढायला जायचो."

"भुईमूग धरल्यानं कुणी मरत नाही सर."

सरांनी कपावरची बशी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्ही मुलांना नेणार नाही?"

"नाही."

"ठीक आहे. तुम्ही नेऊ नका."

त्यातल्या 'तुम्ही' या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला होता. मला तो तेव्हाच कळला. म्हणूनच तास संपता संपता मी मुलांना सांगून ठेवलं, "मी बरोबर नसताना शिडीला पाय लावायचा नाही. कुणीही सांगू दे."

"सरांनी सांगितलं तर?" सोपाननं विचारलं.

"तर सांगायचं, मॅडम आल्या की चढतो."

नववीतल्या पोरानं मुख्याध्यापकाला असं सांगायचं, हे बोलायला सोपं होतं.

त्याच आठवड्यात एजन्सीचा फोन आला. शेजारच्या तालुक्यातली शिक्षिका आजारी पडलीय, काही दिवस तिथं जा. मी म्हटलं, इथल्या मुलांचं काय? ते म्हणाले, शाळेनंच सुचवलंय, त्यांची काही हरकत नाही. हरकत कशी असेल!

तिसऱ्या प्रहरी त्या परक्या शाळेत मुलींना बल्बचा होल्डर खोलून दाखवत होते, तेव्हा फोन वाजला. रशीदभाईंचा नंबर. बोलत होती तबस्सुम.

"मॅडम, सोपानला करंट लागला." मग नुसता श्वास. मग, "शिडीवरून पडला. हात काळा झालाय."

स्कूटी मी कशी चालवली ते मला आठवत नाही. गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचले तर सोपान कॉटवर, उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, कंबर हलवता येत नव्हती. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाला, "मॅडम, मी नाही म्हटलं होतं," आणि तोंड वाकडं करून रडायला लागला. त्याची आई पायाशी बसून त्याचे तळवे चोळत होती.

तबस्सुम बाहेरच्या बाकावर होती. गणवेशाच्या बाहीवर चुना तसाच. काय झालं ते तिनं मला सांगितलं. मी गेल्यावर सरांनी त्यांना पुन्हा कार्यालयात पाठवलं होतं. आमचा वर्गातला नियम होता, जो शिडीवर चढेल त्यानं मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. म्हणजे खाली कुणी काही केलं तरी वर वीज येत नाही. सोपान पंखा जोडायला चढला तेव्हा फ्यूज त्याच्या खिशात होता. स्टेजवरचे दिवे लागतात का ते संग्रामला बघायचं होतं. त्यानं फ्यूज मागितला. सोपान नको म्हणाला.

"मीपण म्हटलं मॅडम, दादा, तो उतरू दे, मग घ्या. दादा म्हणाले, तू मला शिकवणार का गं? सोपानला म्हणाले, टाक खाली, नाहीतर तुझ्या बापाला सांगतो. त्यानं टाकला. मी ओरडत होते, सोपान, हात काढ. पण त्यांनी मेन दाबला."

ती रडत नव्हती. दात आवळून एकेक शब्द बाहेर टाकत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या बाहीवरचा चुना झटकू लागले.

इंगवले सर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले, मागोमाग ज्ञानू.

"कसं झालं म्हणून सांगितलंत डॉक्टरांना?" मी सरळ विचारलं.

"घरी. टेबलफॅन दुरुस्त करत होता," सर म्हणाले. "तुमच्या तासाला शिकलेला प्रयोग घरी करायला गेला. मुलं असं करतातच."

मला एक क्षण वाटलं, माझ्या कानांनी चुकीचं ऐकलं. मी ज्ञानूंकडं वळले. "तुम्ही हो म्हणालात?"

ते माझ्याकडं बघेनात. "बाई, माझी भाकरी त्या गेटवर हाय. पोरगं वाचलं. आता वाढवू नगा."

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. टेबलफॅननं माणूस एवढ्या उंचावरून पडतो का, कंबर अशी निखळते का, ते विचारलं. डॉक्टर शहाणे होते, त्यांना सगळं दिसत होतं. म्हणाले, "मुलाचे वडील घरी म्हणतायत. तुम्ही त्याच्या कोण?"

मी त्याची कोण? तेच तर ठरवून टाकलं होतं त्यांनी. दोन दिवसांनी एजन्सीनं कळवलं, शाळेनं तुमची सेवा नको म्हणून सांगितलंय, वर्कशॉपची किल्ली ऑफिसात देऊन टाका. मी किल्ली दिली आणि तशीच तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या साहेबांकडं गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, कानावर आलं म्हणून मी आधीच विचारलंय. शाळा म्हणते मुलं तिथं कधी गेलीच नाहीत. अध्यक्षांनीही तसंच लिहून दिलंय. वर्गातल्या सगळ्या मुलांचे जबाब तसेच आहेत."

"मग ते वायरिंग कुणी केलं?"

"केलं असेल कुणी लायसन्सवाल्यानं. मुलांचा त्याच्याशी संबंध नाही, एवढं मात्र नक्की."

"आणि लग्नात आणखी कुणाला शॉक लागला तर?"

"ते आमच्या खात्यात येत नाही."

ज्यांच्या खात्यात येत होतं ते विजेच्या तपासणीचे साहेब रजेवर होते. त्यांच्या हाताखालचा माणूस म्हणाला, बापूसाहेबांच्या घरचं लग्न आहे, मी कसा जाऊ तपासायला? मलाच पत्रिका आलीय.

घरी आले तशी कॉटवर बसून राहिले. भिंत बघत बसले. आयुष्यात मला खूपदा राग आलाय. आयटीआयच्या पोरांनी माझ्या ड्रॉइंगवर शाई सांडली तेव्हा आला, खोली बघायला गेले की आडनाव ऐकून घरमालकिणीची खोली अचानक दिलेली असायची तेव्हा आला. पण तो राग माझ्यापुरता होता, गिळता यायचा. हा गिळला जात नव्हता. एका पोराचा हात जाळून वर त्यालाच खोटं पाडलं होतं, आणि तेच वायरिंग दोनअडीचशे माणसांच्या डोक्यावर लटकत ठेवलं होतं. माझी स्वतःची हत्यारांची पिशवी कोपऱ्यात होती. ती उचलली आणि निघाले.

लग्नाला दोन दिवस होते. मांडववाले अजून यायचे होते. दुपारची वेळ, कार्यालय शांत. गेटवर ज्ञानू. माझ्या खांद्यावरची पिशवी त्यांनी बघितली.

"गेट उघडा, ज्ञानूभाऊ."

"काय करायचंय?"

"ते वायरिंग काढायचंय. आत लग्न लागायच्या आधी."

आज पोराजवळून आलेले दिसत होते. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मग त्यांनी कडी काढली आणि बाजूला झाले.

"संग्रामदादा जेवाया गेल्यात," एवढंच म्हणाले.

मी मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला, टेस्टर लावून खात्री केली आणि दाराजवळच्या पट्टीला हात घातला. झाकण ओढलं, वायरी मोकळ्या केल्या. पण पुढं अडले. कुठली वायर कुठल्या बोर्डातून कुठं गेलीय, मध्ये जोड कुठं मारलाय, काही कळेना. मोठा हॉल, वर जेवणाचा मजला. एकटीला दोन दिवस पुरले नसते.

दारात चपलांचे आवाज झाले. बघते तर तबस्सुम. तिच्यामागं नववी ब. वर्कशॉपला कुलूप होतं, म्हणून ज्याला जे मिळालं ते घेऊन आलेली. कुणाकडं वडिलांच्या सायकल दुकानातले पाने, कुणाकडं घरातला ड्रायव्हर, कुणाकडं नुसत्या पिशव्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमची स्कूटी शाळेवरून गेली मॅडम. पिशवी दिसली."

"घरी जा. हे माझं काम आहे. तुमचं नाव यात यायला नको."

"आमचं नाव नाहीच यात!" तबस्सुम एवढ्या जोरात ओरडली की मी दचकले. "सरांनी आम्हाला एकेकाला उभं केलं वर्गात. म्हण, मी त्या दिवशी शाळेत होतो. म्हण, मी कार्यालय आतून बघितलं नाही. मी गप्प बसले तर म्हणाले, तुझ्या बापाचा बाजारातला गाळा कुणाच्या जागेत आहे माहितंय ना? मग म्हटलं मी. मॅडम, मी म्हटलं." तिचा आवाज फाटला. तिनं नाक बाहीला पुसलं. "ही वायर आम्ही घातली. कुठला जोड कुठं आहे ते तुम्हाला काय माहीत? आम्हाला माहितंय."

"शिडीवर फक्त मी चढणार," मी म्हणाले. "तुम्ही खालून सांगायचं आणि हात पोचेल तेवढंच काढायचं. एकही वस्तू तोडायची नाही. जे काढाल ते नीट गुंडाळून स्टेजवर ठेवायचं."

मग त्या हॉलमध्ये काम सुरू झालं. पट्टीची झाकणं निघाल्याचा आवाज, स्क्रू थाळीत पडल्याचा आवाज, मध्येच कुणाचं "मॅडम, तिथं आत टेप मारलेला जोड आहे, हळू." सोपाननं जोडलेले पंखे मी सोडवले. त्याची जोडणी एकूण एक पक्की होती, वायरीचा एक तंतूसुद्धा बाहेर आलेला नव्हता. शिडीवर उभी राहून मी ते बघितलं आणि मला तो संग्राम समोर आला असता तर काय केलं असतं कोण जाणे. शिडी खालून धरली होती ज्ञानूंनी. ते कधी आत आले मला कळलंही नव्हतं.

संग्राम दुपारची झोप काढून ऊन कलल्यावर आला तेव्हा स्टेजवर लाल वायरींची वेटोळी एकीकडं, काळ्यांची एकीकडं, बोर्ड एकावर एक, असं सगळं रचून झालेलं होतं. भिंतींवर नुसती भोकं. तो दारातच थिजला, मग शिव्या देत माझ्या अंगावर धावला. मुलं मध्ये आली. त्यानं फोन लावला आणि थोड्याच वेळात बापूसाहेबांची गाडी आवारात शिरली. बरोबर इंगवले सर होते.

बापूसाहेब म्हणजे पांढरेशुभ्र कपडे आणि कधी न चढणारा आवाज. स्टेजकडं, भिंतींकडं, मुलांकडं त्यांनी सावकाश बघितलं.

"ओहोळबाई, हे काय केलंत?"

"वायरिंग काढलं. त्याला अर्थिंग नव्हतं."

"कुणाच्या परवानगीनं?"

"ज्यांनी घातलं त्यांच्या."

"मस्ती आलीय हिला," संग्राम म्हणाला. "काका, पोलिसांना बोलावतो. चोरी, नुकसान, सगळं लावतो. या कार्ट्यांनासुद्धा सोडत नाही."

"बोलाव," बापूसाहेब म्हणाले. मग मुलांकडं वळून, "नावं सांगा रे एकेकाची."

त्यांना वाटलं असावं, नाव विचारलं की पोरं पळतील. तबस्सुम एक पाऊल पुढं आली.

"तबस्सुम रशीद आतार, नववी ब. या अख्ख्या भिंतीची पट्टी मी बसवली होती."

तिच्यामागून दुसरा पुढं आला. "स्टेजवरचे बोर्ड माझे." मग एक मुलगी. "वरच्या मजल्यावरचे होल्डर मी जोडले." नाव आणि काम, नाव आणि काम. कुणी हळू बोललं, कुणी चाचरलं, पण एकही मागं सरलं नाही. शेवटी तबस्सुमच पुन्हा बोलली, "आणि पंख्यांची जोडणी सोपान ज्ञानू खरातनं केली होती. तो दवाखान्यात आहे."

संग्रामनं फोन कानाला लावला होता. इंगवले सरांचा चेहरा मात्र कागदासारखा पांढरा पडला होता. ते घाईघाईनं बापूसाहेबांच्या कानाशी गेले आणि कुजबुजले. बापूसाहेबांची नजर बदललेली मी बघितली. समजायला त्यांना वेळ लागला नाही. मुलं इथं कधी आलीच नव्हती, असं त्यांनीच सही करून दिलं होतं. जी मुलं कधी आलीच नव्हती त्यांना कुठली वायर कुठं आहे ते कसं ठाऊक? आणि त्यांनी घातलंच नव्हतं, तर घातलेलं काढलं असं पोलिसांना सांगायचं तरी कसं?

"संग्राम, फोन बंद कर."

"काका, पण..."

"बंद कर म्हणतो ना!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"का बंद करायचा?" तबस्सुम म्हणाली. "बोलवा ना. आम्ही काढली असं लिहा. आम्ही सगळे सह्या करतो."

"ए पोरी, गप्प," इंगवले सर खेकसले.

"नाही गप्प. लिहा ना सर. त्या दिवशी म्हणून घेतलंत, आज लिहून घ्या."

तेवढ्यात शिडीजवळून ज्ञानू पुढं आले. त्यांनी डोक्यावरची खाकी टोपी काढून हातात घेतली होती.

"बापू, पोरगं माझं हितं पडलं," ते म्हणाले आणि बोट करून फरशी दाखवली. "ह्या हितं. घरी न्हाई पडलं."

"ज्ञानू, तू गेटवर जा."

ज्ञानू जागचे हलले नाहीत. बापूसाहेबांनी पुन्हा सांगितलं. तरी हलले नाहीत. मग बापूसाहेबच वळले आणि बाहेर पडले. मागून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

पोलीस आले नाहीत. साताऱ्याहून लायसन्स असलेला माणूस रात्रंदिवस बसवून त्यांनी सगळं वायरिंग नव्यानं करून घेतलं आणि लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. ज्ञानूंनी त्याच दिवशी डॉक्टरांकडं जाऊन खरं सांगितलं, डॉक्टरांनी तसं लिहिलं, आणि सोपानला कऱ्हाडला मोठ्या दवाखान्यात हलवलं. ज्ञानूंचं गेट सुटलं. संग्रामला काही झालं नाही. इंगवले सर त्याच खुर्चीत राहिले. वर्कशॉपचं कुलूप काही निघालं नाही. तो विषयच शाळेनं बंद केला, कारण सांगितलं, मुलांच्या जिवाला धोका. मला त्या जिल्ह्यात पुन्हा कुठं शिकवायला मिळालं नाही. तबस्सुमच्या वडिलांना गाळा सोडून दुसऱ्या बाजारात जावं लागलं, पण तिला त्यांनी शाळेतून काढलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कार्यालयातून मी सरळ दवाखान्यात गेले. सोपान जागा होता. बँडेज बदललेलं, तोंड सुकलेलं. त्याला बरं वाटेल म्हणून मी सगळं सांगितलं. तबस्सुम काय म्हणाली, बापूसाहेब कसे गेले, त्याचे वडील कसे उभे राहिले. तो ऐकत राहिला. हसला नाही.

"माझे पंखे कुणी काढले?" त्यानं विचारलं.

"मी."

"मला का नाही बोलावलं?"

"अरे, तुला उठता येतंय का?"

"उद्या आलं असतं." तो ओरडलाच. त्याची आई दचकून उठली. "परवा आलं असतं. थांबायचं होतं ना मॅडम. मी घातले होते ते. मी काढणार होतो!"

आणि त्यानं रागानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी नंतर किती वेळ बसले, तरी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.